मुलींच्या रग्बी संघाच्या स्क्रम मशीनसाठी मदतीचे आवाहन

सर्व सभासद, पालक, माजी खेळाडू आणि गावातल्या व परगावच्या हितचिंतकांना स.न.वि.वि.

दिवाळीनंतर राज्य संघाच्या निवड चाचण्या आहेत. हाती वेळ थोडा आहे, म्हणून आढेवेढे न घेता सांगतो. आपल्या मुलींना स्क्रम (म्हणजे दोन्ही संघांच्या पुढच्या खेळाडूंनी खांदे भिडवून एकमेकींना ढकलणं) शिकवायचं मशीन हवं आहे आणि त्यासोबत काही किरकोळ, पण ज्यांच्यावाचून अडतं अशा वस्तू. एकूण अंदाज १,१४,००० रुपये. कार्यकारिणीने आपसात २३,००० जमवले आहेत. उरलेल्या ९१,००० साठी हे पत्र.

रग्बी खेळून आपल्याकडे कुणाचं घर चालत नाही. भारताच्या मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये सिंगापूरला खेळला आणि त्या हरल्या. दुसऱ्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, मनिलात सिंगापूरच्या संघाला २१-१९ असं हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला. ओडिशाच्या सुमित्रा नायकने अखेरच्या मिनिटांत मारलेल्या पेनल्टीचे तीन गुण त्या दिवशी कामी आले. आपल्या पुण्याची वाहबीझ भरुचा त्या संघात होती. २०२२ ला जकार्तात सेव्हन्सच्या, म्हणजे सात जणींच्या रग्बीच्या, संघाने रौप्यपदक आणलं. यातली एकही मुलगी आपल्या मैदानावरची नव्हती, हे खरं. पण आता आपल्याही मुली राज्य शिबिरापर्यंत जाऊ लागल्या आहेत आणि तिथून पुढचा दरवाजा भारतीय संघाचाच आहे.

इथवर आलो ते ज्यांच्यामुळे, त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वखारवाल्या शेठनी गोलपोस्टसाठी पाइप दिले आणि पैसे विचारले तेव्हा चहा पाजून परत पाठवलं. पोस्ट पहिल्या पावसात कलले, कारण खड्डे दीड फुटाचेच होते. तेव्हा गवंडीकाम करणाऱ्या दोन पालकांनी रविवार घालवून साडेतीन फूट खोल काँक्रीट भरून दिलं. ते आजही हलत नाहीत. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी पेन्शनमधून पहिले सहा चेंडू घेऊन दिले. डॉक्टर मॅडम प्रत्येक सामन्याला स्वतःची पेटी घेऊन मैदानात बसतात, आजवर एक रुपया घेतलेला नाही. पेठेतल्या गणेश मंडळाने एका वर्षी डीजे रद्द करून ती रक्कम मुलींच्या प्रवासाला दिली. मळ्यातल्या वहिनींचा शिबिराच्या दिवसांतला उकडलेल्या अंड्यांचा डबा तर राज्य शिबिरातल्या मुलींनाही माहीत आहे.

आणि एक मनातलं. मुलींची नावं पेपरात आली त्या आठवड्यात शाल-नारळ घेऊन येणाऱ्यांची रांग लागली होती. सत्काराचे फोटो अजून गावभर फिरतात. त्यानंतर आम्ही चेंडूंसाठी वर्गणीपुस्तक घेऊन फिरलो, तेव्हा त्यातल्या कित्येकांनी ‘बघू’ म्हटलं, ते अजून बघतच आहेत. राग नाही. पण नारळ मैदानावर उपयोगी पडत नाही, एवढं लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आता मशीनच का, ते. आपल्या मुली सेव्हन्स खेळून वर आल्या. सेव्हन्समध्ये सात-सात मिनिटांचे दोन डाव आणि स्क्रम तिघी-तिघींचा. पंधरा जणींच्या खेळात चाळीस मिनिटांचे दोन डाव आणि स्क्रममध्ये दोन्ही बाजूंनी आठ-आठ जणी. पळण्यात आपल्या मुली कुणाला ऐकत नाहीत. चाचणीत गाडी अडते ती प्रॉप आणि हुकरच्या, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या फळीतल्या तिघींच्या, जागेवर. पुढच्या फळीत प्रशिक्षित मुली नसतील तर रेफरी स्क्रममध्ये ढकलाढकली होऊच देत नाही, आणि मग निवड समितीला बघायला काही उरत नाही. समोर माणसं उभी करून हे शिकवणं धोक्याचं आहे. नवख्या मुलीचे खांदे कमरेखाली गेले की सगळा भार मानेवर येतो. मशीनवर आधी एकटी, मग पुढच्या तिघी, मग त्यांच्यामागच्या दोघी, म्हणजे लॉक, धरून पाच, शेवटी आठ, असं टप्प्याटप्प्याने चढवता येतं. ‘क्राउच, बाइंड, सेट’ (वाका, पकडा, भिडा) या रेफरीच्या हाकांवर कंबर, पाठ आणि पाय कुठे आहेत ते प्रशिक्षकाला बाजूला उभं राहून तपासता येतं.

तयार मशीन परवडत नाही. आपल्या फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यायचं ठरलं आहे, कोटेशन ६२,००० चं. ५० बाय ५० चा, ५ एमएमचा अँगल, खाली पुढून वर वळवलेल्या जाड पाइपच्या दोन घसरपट्ट्या, मागे वाळूची पोती ठेवायला चेकर प्लेट. पॅड चार, म्हणजे तीन डोक्यांना तीन फटी मिळतात. पॅडची उंची किमान तीन खाचांत वर-खाली झालीच पाहिजे. हे स्वस्तात पडावं म्हणून पॅड एकाच उंचीवर वेल्ड करायचं कुणी सुचवलं होतं, ते आम्ही साफ नाकारलं. बुटकी मुलगी टाचा उचलते, उंच मुलगी मान वाकवते आणि ज्यासाठी मशीन घेतलं तेच बिघडतं. अशा मशीनला तडा जातो तो पॅडच्या हाताच्या जोडावर, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी त्रिकोणी पट्टी वेल्ड करून घेणार आहोत. पोती मधोमधच ठेवायची, नाहीतर मशीन एका अंगाला फिरतं आणि मुलींना तिरकं ढकलायची सवय लागते. सुरुवातीला मशीन जेमतेम हलेल इतकं वजन, पुढे एकेक पोतं काढायचं.

बाकीचं थोडक्यात. पाच नंबरचे दहा चेंडू, १६,०००. जुन्यांची पकड गुळगुळीत झाली आहे, आणि कोरडी सुई घुसवल्याने तिघांचे व्हॉल्व्ह गेले. (सुईला ग्लिसरीन लावा आणि ९.५ ते १० पीएसआयच्या वर हवा भरू नका, हे भिंतीवर लिहूनही झालं.) पोस्टचे चार पॅड, १८,०००. सध्याच्या फोमनं पाणी पिऊन त्याचा दगड झाला आहे. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचे तीस माउथगार्ड, १०,५००. दातांना तार असलेल्या मुलींनी ते वापरू नयेत, डॉक्टर मॅडमना भेटावं.

पैसे न देता येणाऱ्यांसाठीही काम आहे. कबड्डीतून आलेल्या मुली घोट्यावर झेप घेताना डोकं समोरच्या गुडघ्यापुढे नेतात. टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला पकडून पाडताना, डोकं तिच्या मागच्या अंगाला हवं. हे घोटून घ्यायला संध्याकाळी दोन माजी खेळाडू हवेत. डोक्याला मार लागलेली मुलगी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही आणि किमान २१ दिवस सामना खेळणार नाही. पालकांनी यावर हुज्जत घालू नये.

पाच मुलींचे पासपोर्ट राहिले आहेत, प्रत्येकी १,५०० प्रमाणे ७,५००. पंधरा ते अठरा वयोगटात पाच वर्षांचा स्वस्त मिळतो, पण अठरा पूर्ण होताच तो संपतो, म्हणून दहा वर्षांचाच काढायचा. अठराखालील मुलींसाठी आई-वडील दोघांच्या सह्यांचं घोषणापत्र, परिशिष्ट ‘डी’, लागतं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, या घोळात फाइल अडकते, ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. निवड झाल्यावर पळापळ नको. बऱ्याच देशांत जायला पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक लागते.

देणगी: कार्यालयात सायं. ६ ते ८, रविवारी मैदानावर. खाते क्रमांक व क्यूआर कोड कार्यालयाच्या फलकावर. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. देणगीवरची आयकर सवलत हवी असल्यास पॅन द्यावा, आणि २,००० च्या वरची रक्कम रोखीने देऊ नये, तिला सवलत मिळत नाही. वस्तुरूपात पाइप, प्लायवूड, रेक्झिन चालेल, आणण्याआधी माप विचारावं. जुने बूट द्यायचे तर मोल्डेड स्टडचे (तळासोबतच घडवलेल्या दातांचे). २१ एमएमपेक्षा लांब स्टड रेफरी चालू देत नाहीत. फॅब्रिकेटरला निम्मी रक्कम आगाऊ हवी आहे, ती येत्या पौर्णिमेच्या आत द्यायची आहे. जमाखर्च दर शनिवारी फलकावर लागेल.

आपला,
सचिव (कार्यकारिणीच्या वतीने)