सायकलवाल्या काकांना, शिफोलहून हार्लेमपर्यंतची हकीकत

काका, सप्रेम नमस्कार.

नेदरलँड्सला शिफोल विमानतळावर पोचल्यावर फोन केला तेव्हा "पोचले, सायकल धडधाकट आहे" एवढंच बोलता आलं, तिकडे तुमच्या दुकानात गर्दी आणि इकडे मला कधी एकदा रस्त्याला लागते असं झालेलं. म्हणून बाकीचं आता पुण्यात परतल्यावर सविस्तर लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण विमानातून सायकल नेणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासारखं कोणी भेटेलच असं नाही, निदान तुम्ही शिकवलेलं तरी त्यांच्यापर्यंत पोचू दे. दुकानाचं नाव टाकू नका म्हणालात, नाही टाकत. तुमचा नातू वाचून दाखवेलच.

मी तुमच्याकडे आले होते ती सायकल पॅक करून घ्यायला, पैसे विचारले, कधी येऊ विचारलं. तुम्ही आधी सायकलकडे बघितलंत मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "पॅक मी अर्ध्या तासात करीन ताई, पण तिकडे खोकं उघडाल तेव्हा मी असणारे का?" आणि पाना माझ्या हातात दिलात. खरं सांगू, हे पत्र त्या पान्यासाठीच आहे.

मी इतकी वर्षं सायकल चालवतेय, सिंहगड, खडकवासला, बोपदेव, पण पंक्चरच्या पुढे कधी हात लावला नव्हता. तुम्ही दुकान बंद व्हायच्या वेळेला मला बसवून एकेक गोष्ट करायला लावलीत. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे सांगून थांबला नाहीत, पाना वरून धरला की दोन्ही पेडलं मागच्या चाकाकडे फिरवून सुटतात आणि पुढे फिरवून आवळतात, हे माझ्या हातात बसेपर्यंत करून घेतलंत. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, हँगरवरून, म्हणजे तो फ्रेमला जिथे अडकतो त्या पट्टीवरून सोडवायचा, चिंधीत गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधायचा, कारण खोकं आडवं आपटलं की पहिला हँगर वाकतो. चाकं काढली की डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी घालायची, नाहीतर चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड आतल्या आत चिकटतात आणि चाक परत बसत नाही. पुढच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या मध्ये, प्लॅस्टिकचा तो ठोकळा लावायचा, नव्या सायकलीतून निघालेला, तुम्ही डब्यात जपून ठेवलेला. सीटच्या दांड्याला उंचीच्या जागी काळी टेप. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकही बोल्ट सुटा ठेवायचा नाही, ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत फिरवून ठेवायचा. "खोकं फाटतंच," म्हणालात, "फाटलं तरी आतून काही पडता कामा नये."

टायरमधली सगळी हवा काढायची असते असं मला वाटत होतं, तुम्ही म्हणालात थोडी राहू दे, रिमला गादी राहते, सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब ठेवलेला असतो, टायर फुटत नाही. टायरमध्ये हवा भरायची गॅसची ती छोटी नळकांडी घरी ठेवायला लावलीत आणि हातपंप दिलात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, हत्यारं खोक्यात. मग बंद केलेलं खोकं शेजारच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवलंत, २३ किलोच्या आत बसल्यावरच तुमचं समाधान झालं.

आणि हे सगळं झाल्यावर तुम्ही खोकं उघडायला लावलंत! सगळी सायकल परत जोडायची, एकटीने. तुम्ही स्टुलावर चहा घेऊन बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत. त्या शांत बसण्याचे मी कसे आभार मानू काका, शिकवणारे खूप असतात पण समोर कोणी धडपडत असताना हात मागे ठेवणं फार थोड्यांना जमतं.

बरोबर एक मैत्रीण, तिचीही सायकल, मुंबईपर्यंत टॅक्सी, मग रात्रीचं विमान, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शिफोलला मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर खोकं आलं तेव्हा मैत्रीण माझ्याकडे बघायला लागली. एक कोपरा उघडा पडलेला, हात घालायचं भोक पार फाटून रुंद झालेलं, वरून कुणीतरी तपासणीसाठी उघडून दुसऱ्याच टेपने चिकटवलेलं. आतून काहीही पडलं नव्हतं, एक वॉशरसुद्धा नाही. आगमनाच्या हॉलमध्ये बाजूला रेनकोट अंथरला आणि जोडायला बसले, आधी माझी मग मैत्रिणीची, तिची पण मीच जोडली बरं का. हात आपोआप चालत होते. रिकाम्या पुठ्ठ्याचं काय करायचं विचारलं तर सफाई करणाऱ्या एका बाईंनी हसून तो स्वतःच उचलून नेला, त्यांचेही आभार इथेच मानते.

आणि मग दारातून बाहेर पडून थेट सायकलवर! तिथे विमानतळापासूनच सायकलचे रस्ते आहेत, एका बाजूने ॲमस्टरडॅम, दुसऱ्या बाजूने हार्लेम. आम्ही हार्लेमची दिशा धरली. चौकाचौकात नंबर लिहिलेल्या पाट्या, पुढचे नंबर कागदावर लिहून घ्यायचे की झालं, फोन बघावा लागत नाही. तुम्ही उजव्या मुठीला गुंडाळलेली लाल टेप पहिल्या वळणालाच कामाला आली, गाडी उजवीकडून चालवायची हे डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही. आणि घंटी! मी नको म्हणत होते, वजन वाढतं म्हणून, तर तिथे चालू घंटी कायद्यानेच लागते.

तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. विमानतळ ज्या जमिनीवर आहे तिथे आधी मोठं तळं होतं, वाफेच्या तीन पंपिंग स्टेशनांनी ते उपसलं आणि १८५२ साली कोरडं झालं. ती जमीन अजून समुद्रसपाटीच्या ३ मीटर खाली आहे. त्याच्या कडेने कालवा फिरतो आणि कालव्याचं पाणी शेतांपेक्षा वर आहे, म्हणजे आपण खालून सायकल चालवतोय आणि बोट आपल्या डोक्याच्या उंचीवरून जातेय. मी थांबून बघतच राहिले. त्यातलं एक पंपिंग स्टेशन, क्रुकियुस, आता म्युझियम आहे, आतलं इंजिन तुम्ही तासभर तरी सोडलं नसतंत. घाट एकही नाही, पण वारा असा समोरून की कात्रजला टाकतो तो गिअर मी सपाटीवर टाकला. गिअर पडला, पहिल्या फटक्यात, एकदाही खरखर नाही.

आता पैशांचं. तुम्ही तेव्हा फक्त टेपचे आणि घंटीचे घेतलेत आणि बाकीचं आल्यावर बघू म्हणालात. आले मी. शनिवारी संध्याकाळी येते, आमच्या रविवारच्या ग्रुपमधल्या दोघींना पॅकिंग शिकायचंय त्यांनाही आणते, शिकवीन मी, तुम्ही फक्त स्टुलावर बसा. फोर्कचा तो ठोकळा पण परत आणतेय, जपून ठेवलाय.

तुमची,
कोथरूडची ताई