कंपनीला उत्तर देण्याआधी

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी कुठे काय विकतेय? मी नुसती माहिती देणार." आपल्या औषधांच्या दुकानात काउंटरला गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तेव्हा बोलले नाही, आणि हे फोनवर सांगण्यासारखंही नव्हतं. ओपीडी आटोपली की निवांत वाच.

कंपनीचा मेल तू मला पाठवलास हे बरं केलंस. वजन घटवायची, ग्रीन कॉफी आणि गार्सिनिया (कोकमाच्या कुळातलं फळ) एकत्र असलेली कॅप्सूल, तुझा एक मिनिटाचा व्हिडिओ, बोलायचा मजकूर त्यांनीच लिहून दिलेला. त्यात एक अट ठळक अक्षरांत आहे: पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप हवा. बाकी कपडे, जागा, वेळ, सगळं तुझ्या मर्जीवर. कोटावर मात्र ते अडून आहेत. तो कोट तुला कसा मिळाला ते मी पाहिलंय. तुझ्या एमडीच्या वर्षांत तू सणावारालासुद्धा घरी आली नाहीस. म्हणून ती अट वाचून माझा जीव वरखाली झाला.

या दोन्ही वस्तूंची एक जुनी कथा आहे. तुम्हाला कॉलेजात ती शिकवली असेल असं वाटत नाही.

अमेरिकेत डॉ. मेहमत ओझ म्हणून हृदयाचे सर्जन आहेत. तुर्कस्तानातून तिकडे गेलेल्या आईबापांचा मुलगा, हार्वर्डला शिकलेला, पुढे कोलंबिया विद्यापीठात शस्त्रक्रियेचा प्राध्यापक. भोंदूबाबा म्हणून बाजूला काढावा असा माणूस नव्हेच. हात चांगला, नाव मोठं. आधी ओप्रा विन्फ्री या तिकडच्या गाजलेल्या टीव्ही निवेदिकेच्या कार्यक्रमात ते पाहुणे म्हणून येत, मग 2009 पासून त्यांचा स्वतःचा रोजचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला आणि तो 2022 पर्यंत चालला. लाखो बाया दुपारी बसून तो बघायच्या. 2012 साली त्यांनी ग्रीन कॉफीचा, म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा अर्क दाखवला आणि सांगितलं, की शास्त्रज्ञांना वजन घटवण्याची जादू या दाण्यात सापडली आहे. जादू हाच शब्द त्यांनी वापरला. एका सर्जनने.

त्या जादूमागे काय होतं बघ. त्याच वर्षी छापून आलेला एक अभ्यास, आणि तो झाला होता आपल्याच देशात. एकंदर 16 माणसं. बावीस आठवड्यांत सरासरी आठेक किलो उतरली, असा दावा. पुढे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खोलात जाऊन पाहिलं, तेव्हा त्यांना आढळलं की मुख्य संशोधकाने लोकांची वजनं पुन्हा पुन्हा बदलली होती, अभ्यासाची मुदत बदलली होती, आणि खरा अर्क कुणाला दिला नि तुलनेसाठीची, औषध नसलेली खोटी गोळी कुणाला, याचाही घोळ घातला होता. तो लेख कुठे छापून येईना, तेव्हा अभ्यासाला पैसे देणाऱ्या टेक्सासच्या कंपनीने अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांना पैसे देऊन तो नव्याने लिहून घेतला. 2014 च्या सप्टेंबरात त्या कंपनीने 35 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. पुढच्याच महिन्यात लेख मागे घेतला गेला. तोवर किती डब्या खपून गेल्या असतील!

या कथेतला एक धागा मला विशेष खुपतो. ओझ यांच्या कार्यक्रमात ग्रीन कॉफीबद्दल बोलायला एक पाहुणा बोलावला होता. कमिशनचं म्हणणं असं, की बोलावणं येईपर्यंत त्याला या अर्काने वजन उतरतं हे ठाऊकसुद्धा नव्हतं. बोलावणं आल्यावर त्याने होकार दिला, आणि कार्यक्रम लागायच्या आत विक्रीची सगळी तयारी करून ठेवली. त्याला आणि त्याच्या कंपन्यांना 2015 साली 90 लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

आता तुझं वाक्य. 2014 च्या जूनमध्ये ओझ यांना सिनेटच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, समितीपुढे बसवलं. अध्यक्षा होत्या क्लेअर मकॅस्किल. त्यांनी तोंडावर विचारलं, की हे खरं नाही हे तुम्हाला माहीत असताना तुम्ही असं का बोलता? ग्रीन कॉफी, रास्पबेरी कीटोन (वजनासाठी विकलं जाणारं असंच आणखी एक), गार्सिनिया, तिघांची नावं घेऊन विचारलं. ओझ म्हणाले, मी कुठल्याही ब्रँडची जाहिरात करत नाही, विकणाऱ्यांकडून पैसे घेत नाही, माझं काम प्रेक्षकांना उमेद देण्याचं आहे. शास्त्राच्या कसोटीवर यातलं पुष्कळसं टिकत नाही, हेही त्यांनी तिथे मान्य केलं.

पैसे घेतले नाहीत हे खरं धरू. तरी त्यांनी नाव घेतलं की बाजारात त्या वस्तूवर उड्या पडायच्या, आणि ज्यांनी आयुष्यात कधी ओझ यांना पाहिलं नाही असे विक्रेते त्यांच्या कार्यक्रमाचा तुकडा आपल्या जाहिरातीला जोडायचे. मनू, तू ब्रँडचं नाव न घेता नुसतं "ग्रीन कॉफीने मेटाबॉलिझम वाढतो" म्हणालीस, तरी तो तुकडा कापून कोण कुठे डकवील यावर तुझा काय ताबा? आणि इथे तर ब्रँडही आहे, पैसेही आहेत.

त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक पाहणी आली. कॅनडातल्या डॉक्टरांनी ओझ यांचे चाळीस भाग बसून पाहिले आणि त्यांच्या सल्ल्यांना पुरावा शोधला. साधारण 46 टक्क्यांना थोडाफार सापडला, 15 टक्के सल्ले पुराव्याच्या उलटच निघाले, उरलेल्यांना पुरावाच मिळाला नाही. हा माणूस सगळंच खोटं बोलत नव्हता, हेच तर अवघड आहे. भाज्या खा, चाला, बीपी तपासून घ्या, हेही तो सांगत असणारच. खऱ्यावर बसलेला विश्वास मग खोट्यालाही लागू होतो, आणि घरात बसलेल्या बाईला त्यातलं काय वेगळं काढता येणार? आज हेच गृहस्थ अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचा कारभार बघतात. 2025 च्या एप्रिलमध्ये नेमणुकीवर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे "असे लोक आपोआप मागे पडतात" यावर तू विसंबू नकोस.

गार्सिनियाबद्दल तू म्हणालीस, "आई, ते तर आपल्या कोकमाचंच भावंडं आहे, त्याने काय होणार?" भावंडं आहे हे बरोबर. केरळात माशाच्या आमटीत घालतात ती कुडमपुळी म्हणजे गार्सिनिया, आणि आपलं कोकमही त्याच कुळातलं. त्याच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं, तेच काढून कॅप्सूलमध्ये भरतात. आजीने आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, पुटं देऊन उन्हात वाळवलेली सोलं आपण आयुष्यभर खाल्ली, टाचेला मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, लावलं. चार सोलं आमटीत पडणं वेगळं, आणि त्यातलं एकच आम्ल वेचून घट्ट करून रोज पोटात ढकलणं वेगळं. हे तुला मी सांगावं का? फार्माकॉलॉजी तू शिकलीस.

आणि त्याचा उपयोग तरी व्हावा! 1998 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये त्याची नीट चाचणी छापून आली आहे. 135 जाड माणसं, बारा आठवडे, सगळ्यांना सारखा कमी उष्मांकाचा आहार. गार्सिनियावाल्यांचं वजन सरासरी 3.2 किलो उतरलं. खोट्या गोळीवाल्यांचं 4.1. हा निकाल ओझ यांच्या कार्यक्रमाच्या कितीतरी आधी छापलेला होता, कुणालाही वाचता आला असता. 2009 साली तर हायड्रॉक्सीकट नावाच्या वजन घटवायच्या गोळ्या तिकडे बाजारातून परत घ्याव्या लागल्या. यकृताला इजा झाल्याच्या 23 तक्रारी सरकारकडे आल्या होत्या, त्यात एक मृत्यू. त्या गोळ्यांत अनेक घटक होते, एकट्या गार्सिनियावर तो दोष टाकता येणार नाही. पण नुसत्या गार्सिनियाने यकृत बिघडल्याच्याही नोंदी त्यानंतर वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. तू शोधलंस तर मिनिटभरात सापडतील.

आता दुकानातलं सांगते. गेल्या महिन्यात वाडीवरची एक बाई आली. नेहमीची आहे, शुगरच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला नेते. मी पाकिटं काढून ठेवली तर म्हणाली, "ताई, पंधरा दिवसांच्याच द्या. उरलेल्या पैशांत ही डबी बसते का बघा." आणि फोन पुढे केला. स्क्रीनवर एक डॉक्टर, कोट घातलेला, हातात डबी. फोनची काच तडकलेली, त्यामुळे डबीवरचं नाव मला धड वाचता येईना. तिने ते हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून आणलं होतं. म्हटलं, अहो, शुगरच्या गोळ्या अर्ध्यावर का? तर म्हणे, "वजन उतरलं की शुगर आपोआप उतरते, असं डॉक्टर म्हणाले." मी विचारलं, कुठले डॉक्टर, आपल्या हॉस्पिटलातले? तिने फोनकडे बोट दाखवलं.

ती त्यांना "डॉक्टर" म्हणत होती, जसं आपण घरच्या डॉक्टरांना म्हणतो तसं. त्या माणसाने तिचा हात हातात घेतला नव्हता, रिपोर्ट पाहिला नव्हता, तिला कसल्या गोळ्या चालू आहेत हे विचारलं नव्हतं. बहुधा त्याने गोळ्या सोडा असंही कुठे म्हटलेलं नसेल. हिशोब तिने तिच्या पदराला असलेल्या पैशांत बसवला. गोळ्या मी तिला पूर्ण महिन्याच्या दिल्या, म्हटलं पैसे पुढल्या खेपेला द्या. डबी दिली नाही. दुसऱ्या दुकानातून नेली असेल तर मला कळायला मार्ग नाही.

मनू, तुझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या बाईला तू असलं काही कधी लिहून देणार नाहीस, याची मला खात्री आहे. तू आधी थायरॉइड बघशील, पाळीचं विचारशील, रात्री झोप लागते का, घरात काय शिजतं ते विचारशील. डॉक्टरच्या शब्दाला जे वजन आहे ते या विचारपुशीतून आलंय. व्हिडिओत विचारपूस गळते आणि वजन तेवढं शिल्लक राहतं. तुझे एवढे फॉलोअर, त्यातली कोण गरोदर, कुणाचं यकृत आधीच दुखावलेलं, कोण कसल्या गोळ्यांवर, तुला काय माहीत?

नियमाचंही बघून घे. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे, की डॉक्टरने कुठल्याही औषधाची वा उपायाची शिफारस, प्रशस्तिपत्र जाहिरातीसाठी द्यायचं नाही. कंपनी म्हणेल, हे औषधच नाही, न्यूट्रास्युटिकल, म्हणजे आहाराला पूरक वस्तू, आहे. बरोबर, म्हणून तर डबीवर "औषधी वापरासाठी नाही" असं त्यांना कायद्यानेच छापावं लागतं. आमच्या शेल्फवरच्या अशा प्रत्येक डबीवर ते इंग्रजीत असतं. म्हणजे डबी म्हणते हे औषध नाही, आणि शेजारी उभी राहणार डॉक्टर! 1954 चा जादुई उपायांचा कायदाही आहे, त्याच्या यादीत लठ्ठपणा आहे. कारवाई होते की नाही हा भाग निराळा. नोंदणी क्रमांक तुझा आहे, कंपनीचा नाही.

तू म्हणशील, मग लोकांनी वजनासाठी काहीच घेऊ नये का? तसं मी म्हणत नाही. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं आता आपल्याकडेही मिळतात. वजनासाठी ती बाजारात यायच्या आधी एकाच चाचणीत 1961 माणसांवर 68 आठवडे तपासली. वजन सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास उतरलं, खोट्या इंजेक्शनवाल्यांचं अडीच टक्केही नाही. मळमळ, उलट्या किती जणांना झाल्या तेही छापलं. बंद केल्यावर वजन परत चढतं तेही छापलं. ज्या वस्तूत दम असतो तिचे दोष सांगायला कुणी घाबरत नाही. तुला आलेल्या त्या मजकुरात दुष्परिणामांची एक तरी ओळ आहे का? मी शोधली, नाही. आणि ही इंजेक्शनंसुद्धा लोक माझ्याकडे चिठ्ठीशिवाय मागायला येतात, रील बघून. मी देत नाही.

पैशांचं म्हणशील तर मला कळतं. पुण्याचं भाडं, कर्जाचा हप्ता, एकटीने सगळं. कंपनी एका मिनिटाचे देते आहे ते तुला महिनाभर ड्युटी करून मिळत नाहीत. या हप्त्यापुरतं लागत असेल तर बाबांशी माझं बोलणं झालंय, आपण बघू. संकोच करू नकोस.

व्हिडिओ मात्र बंद करू नकोस. तू तापात पॅरासिटामॉल किती आणि किती वेळाने ते सांगितलंस, तो व्हिडिओ मी दुकानात येणाऱ्या आयांना दाखवते. त्यात तू म्हणालीस, "बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर माझं ऐकू नका, लगेच दवाखान्यात न्या." ते ऐकून एक आजी म्हणाल्या, "शहाणी आहे हो पोर." मी सांगितलं नाही की माझी आहे म्हणून, पण दिवसभर बरं वाटलं.

कंपनीला नाही कळव, दोन ओळीत, कारण देत बसू नकोस. आणि वजनावर बोलायचंच असेल तर आपल्याकडच्या बाईसाठी बोल. तिच्या ताटात दोन वेळा भात आहे, आमटी पातळ, मासा मिळेल त्या दिवशी. ती सकाळपासून राबते आणि तरी पोट सुटतं, शुगर वाढते. तिने भात किती घ्यायचा, डाळ कशी वाढवायची, शुगरच्या गोळ्या चालू असताना उपास करायचा की नाही, हे मला काउंटरला रोज विचारतात, आणि माझं शिक्षण डी.फार्मचं, मी तुमच्या डॉक्टरांना विचारा म्हणून सांगते. उपासाचं आधी कर. श्रावण तोंडावर आलाय.

तुझी,
आई