इशारा हवा सुरुवातीच्या लक्षणांचा

तंबाखूविरोधी दिनानिमित्त (३१ मे) प्रसिद्ध झालेला मुखकर्करोगावरील लेख वाचला. तंबाखू सोडण्याचे आवाहन योग्यच; पण आजार वेळीच ओळखायचा कसा, हे त्यात आले नाही. २०१६ पासून तंबाखूच्या पुड्यांच्या ८५ टक्के भागावर इशारा असतो. मात्र त्यातली चित्रे बळावलेल्या आजाराची. ती पाहून ‘आपल्याला असे काही नाही’ असाच समज होतो. सुरुवातीला बहुतेकदा दुखतही नाही. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्याला दाखवावे. मिश्री लावणाऱ्या अनेक स्त्रियांना तर आपण तंबाखू वापरतो असे वाटतच नाही. त्यांच्यापर्यंत ही माहिती आशासेविकांमार्फत पोहोचवावी.

एक निवृत्त शिक्षिका, कराड