आकडा सोड, रकाने ठेव

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

"आई, मी सहा पुस्तकं मागे पडलोय," असा तुझा मेसेज आला आणि मला आधी काही उलगडाच होईना. कुणाच्या मागे? शर्यतीत दुसरं आहे कोण? मग आठवलं, वर्षाच्या सुरुवातीला तूच त्या वाचनाच्या ॲपपाशी कबूल करून बसलास की यंदा 52 पुस्तकं वाचीन, आणि आता ते सावकारासारखं तगादा लावतंय.

हिशेब मीही मांडून पाहिला. आठवड्याला एक पुस्तक, ते तीनशे पानांचं धरलं तर रोजची 43 पानं. त्यात नोकरी, आजारपण, पाहुणे आणि निव्वळ कंटाळा यांना जागाच नाही. जमणार नाही असं मी म्हणत नाही. पण ते जमवताना काय होतं, ते तुझ्याच यादीत दिसतंय. शेवटची चारही पुस्तकं दीडशे पानांच्या आतली, आणि त्यातलं एक तर तू दुप्पट वेगाने ऐकलंस. दुप्पट वेगाने ऐकलेल्या कादंबरीत माणसं रडतात तेव्हा कशी ऐकू येतात रे?

टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' हजाराहून जास्त पानांचं. काफ्काचं 'मेटामॉर्फसिस' एका दुपारी वाचून होईल एवढं. ॲपच्या लेखी दोन्ही एक-एकच. मोजणी अशी असली की हात आपोआप बारक्या पुस्तकाकडे जाणारच, त्यात तुझा काही दोष नाही. म्हणून मला वाटतं, तू तो आकडा काढूनच टाक. बारा कर, नाहीतर शून्य कर. पण त्याच चॅलेंजमधली जी रकान्यांची यादी तू मला पाठवली होतीस, ती मात्र सोडू नकोस. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक, बाईचं आत्मचरित्र, दीडशे पानांच्या आतलं, ज्यातली मुख्य पात्रं माणसं नाहीत असं, ज्या प्रकाराला आपण कधी हात लावत नाही त्यातलं... मी ती गंमत म्हणून घेतली. वर्ष संपत आलं, निम्मे रकाने अजून रिकामे आहेत आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही.

माझं मी निवडलं असतं तर घरगुती कादंबऱ्याच वाचल्या असत्या. त्या चांगल्याच असतात. पण त्या वाचून मला काय वाटणार आहे, हे मला पहिल्या प्रकरणातच ठाऊक असतं. रकान्यातून हातात आलेल्या पुस्तकाचं तसं होत नाही.

जुन्या पुस्तकाच्या रकान्यात विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' घेतलं. 1857 च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेल्या एका भिक्षुकाची ही हकिकत. चिं. वि. वैद्यांनी ती 1907 साली प्रसिद्ध केली. मी तयारीतच बसले होते, की आता तोफा, तलवारी, झाशीची राणी. ते सगळं आहेच, भटजी झाशीच्या वेढ्यात स्वतः अडकले होते. पण मला धरून ठेवलं ते त्यांच्या कर्जाने. घरावर कर्ज, म्हणून हा माणूस दानदक्षिणेच्या आशेने निघतो आणि इतिहास नेमका त्याच्या वाटेत आडवा येतो. मिळवलेलं लुटलं जातं. शेवटी घरी परततो तो गंगेची कावड घेऊन. शाळेत बंडाचा धडा शिकले तेव्हा त्यात पैशाची काळजी करणारं माणूस एकही नव्हतं. त्या रात्री वहीत मी एवढंच लिहिलं: "राणीपेक्षा भटजींची काळजी जास्त वाटली. असं वाटलं तर चालतं का?"

त्याच्या मागोमाग आत्मचरित्राच्या रकान्यात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. तू म्हणशील, हे तर तुझं कधीचंच वाचलेलं. तुकड्यातुकड्यांनी वाचलेलं, सलग नाही. सुरुवातीलाच काय निघालं, तर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना 1857 च्या बंडात फाशी झालेली, आणि घरात वडिलांचं ते टोकाचं सोवळं. मी पुस्तक मिटून बसून राहिले. भटजी घरी पोचले तेव्हा माझ्यापुरतं बंड संपलं होतं, आणि इथे ते दुसऱ्याच कुणाच्या घरात मुक्काम ठोकून बसलेलं. ही दोन पुस्तकं एकामागून एक वाचायची बुद्धी मला आपणहून कधीच झाली नसती.

आणि त्यांच्या नवऱ्याचा, कवी ना. वा. टिळकांचा, तो स्वभाव! संसाराचं भान नाही, हातात आलेला पैसा कुणाच्या हातात जाईल याचा भरवसा नाही, 1895 साली धर्म बदलतात आणि ही बाई पुढची कित्येक वर्षं वेगळी राहून दिवस काढते. हे सगळं त्या अशा हसत हसत सांगतात की आपण आधी हसतो, मग आपल्यालाच आपल्या हसण्याची चीड येते. मला टिळकांचा फार राग आला. लक्ष्मीबाईंना आला नसेल इतका. ते मोठे कवी होते हे मला मान्य आहे आणि त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं हेही पानोपानी दिसतं. तरी राग आहे, आणि मी तो सोडणार नाही. आता तूच सांग, या पुस्तकाला पाचपैकी किती तारे द्यायचे? राग धरून, की राग वगळून?

माणसं नसलेल्या रकान्यात माडगूळकरांचं 'सत्तांतर' वाचलं. वानरांच्या टोळ्या, त्यांचे म्होरके, नव्या म्होरक्याने मारलेली पिल्लं. लेखक कुठेही हळहळत नाही, म्हणून हळहळ सगळी आपल्यावर येऊन पडते. चांगलं आहे, पण मी ते पुन्हा वाचणार नाही.

बारीक पुस्तकाबद्दल मात्र थोडं बोलायचंय, कारण तू बारीक पुस्तकं आकडा भरायला वापरतोयस. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' 1939 ची, एवढीशी कादंबरी. युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून कसेबसे बाहेर पडलेले ज्यू. त्यांच्यातली हॅर्टा, आणि मायदेशी परतणारा आपला चक्रधर विध्वंस. बोटीवरचे मोजके दिवस, मग मुंबई येते, तो उतरतो, ती पुढे जाते. पुढचं सांगत नाही. मी ही कादंबरी दोन दिवसांत संपवीन म्हणून हातात घेतली आणि यंदाच्या सगळ्या पुस्तकांत सर्वांत जास्त दिवस तिनेच घेतले. पानं उलटताच येईनात. ज्यांना कुठलाच देश घ्यायला तयार नाही अशा लोकांमध्ये एक माणूस घराकडे निघालाय, आणि घर असणं हीच त्याची आडकाठी. मला चक्रधर भित्रा वाटला. मग वाटलं, भित्रा नाही, नुसता साधा आहे, आणि ते तर त्याहून वाईट. मग चार दिवसांनी वाटलं, त्याच्या जागी मी असते तर मी तरी दुसरं काय केलं असतं? वहीत त्या एका पुस्तकाबद्दल तीन वेगवेगळ्या तारखांना तीन वेगवेगळी मतं आहेत आणि तिन्ही माझ्याच अक्षरात. ॲपमध्ये हे लिहायला जागाच नाही. तिथे 'वाचून झालं' एवढं बटण आहे.

आता तुझा आवडता रकाना. "आई, एक तरी हॉरर वाच." वाचलं. मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन', इंग्रजीतूनच, हळूहळू. 1818 साली ते पहिल्यांदा निघालं तेव्हा त्यावर लेखिकेचं नावसुद्धा नव्हतं, आणि लिहायला घेतलं तेव्हा ती पोर अवघी अठरा वर्षांची होती. मला वाटायचं फ्रँकेन्स्टाइन म्हणजे तो राक्षस. तो तर त्याला घडवणारा निघाला. घडवलेल्याला बिचाऱ्याला नावच नाही. डोळे उघडले त्याच रात्री त्याचा कर्ता त्याला टाकून पळाला. भीती कशाची वाटते म्हणून विचारशील, तर मला भीती त्या पळण्याची वाटली. बाळ कसं दिसतं ते पाहून बाप पळून जातो, आणि पुढच्या सगळ्या खुनांचा जाब मात्र बाळाने द्यायचा! मेरीची स्वतःची आई तिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी गेली होती, हे मला नंतर कळलं. कळल्यावर काही पानं मी परत वाचली.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. त्या पुस्तकात मधोमध एक वाचक बसलाय. तो टाकून दिलेला जीव एका झोपडीच्या आडोशाला लपून राहतो, फटीतून आतल्या कुटुंबाला बघतो, त्यांचं ऐकून ऐकून बोलायला आणि वाचायला शिकतो. मग जंगलात त्याला कुणाची तरी पडलेली चामडी बॅग सापडते. आत कपडे आणि तीन पुस्तकं: गटेची 'वेर्थर' ही कादंबरी, प्लुटार्कने लिहिलेली थोरांची चरित्रं, आणि मिल्टनचं 'पॅराडाइज लॉस्ट'. एक कादंबरी, एक चरित्रग्रंथ, एक महाकाव्य. तुझ्या यादीतले तीन रकाने भरले की नाही? आणि तो वाचतो कसा बघ. वेर्थरच्या मरणावर रडतो, का ते नीट न कळताच. चरित्रं वाचून त्याला स्वतःच्या दुःखापलीकडचं जग दिसतं. मिल्टनचं काव्य तर तो घडलेली गोष्टच समजतो. आधी स्वतःला आदमच्या जागी ठेवून पाहतो, मग लक्षात येतं की आदमला निदान सांभाळणारा देव होता, आपली जात सैतानाच्या जवळची. त्याला कुणी सांगितलेलं नाही की ही पुस्तकं थोर आहेत. परीक्षणं नाहीत, तारे नाहीत, किती वाचायची राहिली याची यादी नाही. प्रत्येक पुस्तकाला तो एकच प्रश्न विचारतो, की यात मी कुठे आहे? त्यानंतर तो चौथं काहीतरी वाचतो: कर्त्याच्या प्रयोगशाळेतून अंगावर घालून आणलेल्या कपड्यांच्या खिशात राहिलेली त्या कर्त्याची रोजनिशी, जिच्यात त्याच्याच जन्माची हकिकत लिहिलेली आहे. ती वाचून त्याचं काय होतं ते तू स्वतः वाच.

मी हॉरर म्हणून पुस्तक उघडलं होतं. झोप उडाली ती या प्रकरणाने.

एक पुस्तक मी अर्धवट टाकलं. स्वयंविकासाचं होतं, माझ्या एका मैत्रिणीने आग्रहाने दिलेलं, नाव सांगत नाही. प्रत्येक प्रकरणात पहाटे उठायचं आणि शेवटी श्रीमंत व्हायचं. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकेतल्या एका ग्रंथपाल बाईंनी यासाठी छान नियम केलाय. पन्नाशीपर्यंतच्या माणसाने पुस्तकाला पन्नास पानांची संधी द्यावी. पन्नाशी उलटली की शंभरातून आपलं वय वजा करावं आणि उरतील तेवढीच पानं वाचून ठरवावं. म्हातारपणाची एवढी सोय दुसऱ्या कुणी केलेली मला माहीत नाही. तुला अजून पूर्ण पन्नास पानं वाचावी लागतील, पण एक्कावन्नाव्या पानावर तू मोकळा आहेस. टाकलेलं पुस्तकही वहीत लिहायचं बरं का, कुठे टाकलं आणि का, ते. माझ्या वहीतला तो मजकूर 'स्मृतिचित्रे'वरच्या मजकुराहून लांबलचक आहे. न आवडण्याची कारणं मला नेहमीच जास्त सुचतात.

कवितांच्या रकान्यात एक संग्रह अजून उशाशी आहे. तो 'झाला' असं कधी म्हणायचं तेच मला कळत नाही, म्हणून खूण करायचं सोडून दिलं.

आणखी एक गोष्ट. पुस्तक संपल्या संपल्या फोन हातात घेऊन बाकीचे काय म्हणतात ते बघायची तुझी सवय आहे. मी ते करत नाही. आधी वहीत लिहिते, मग बघते. कारण चार हुशार लोकांनी 'अजरामर' म्हटलेलं वाचलं की आपला कंटाळा आपल्यालाच खरा वाटेनासा होतो. आधी लिहून ठेवला असला की तो टिकतो. मग दुसऱ्यांचं वाचून मत बदललं तरी काय बदललं ते कळतं. दोन ओळी पुरतात. "मधला भाग फार लांबला," एवढंही चालेल. "थोरल्या भावाचं वागणं पटलं नाही," हे तर उत्तमच. भाषाशैली, व्यक्तिरेखाटन वगैरे शब्द मात्र वहीत येऊ देऊ नकोस, ते परीक्षेच्या पेपरातले.

तू मागे वाचलेल्या त्या चार बारक्या पुस्तकांबद्दल मला कळव. नावं नकोत, ती यादीत आहेत. कुठल्या पानावर थांबलास, कुणाचा राग आला, कुठे पानं गाळलीस, हे लिही. काहीच आठवत नसेल तर त्यातलं एक परत वाच. ॲप ते मोजेल न मोजेल, मी मोजीन.

'रणांगण' पाकिटात घालून पाठवतेय, माझीच प्रत आहे, पेन्सिलीच्या खुणा खोडू नकोस. दुप्पट वेगाची सोय त्यात नाही. वाचून झाल्यावर हॅर्टाबद्दल पत्रात लिहिलंस तरी चालेल, पण चक्रधरची बाजू घेणार असलास तर फोनच कर. पत्रातून मला नीट भांडता येत नाही.

तुझी,
आई