१४ वर्षांखालच्या बास्केटबॉलमध्ये झोन नको, आणि बेंचवरची मुलंही खेळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात १४ वर्षांखालील मुलांच्या शालेय बास्केटबॉल स्पर्धेची बातमी आली. अंतिम सामना १४-६ असा संपला, विजेत्या संघाच्या एकाच मुलाने १२ गुण केले आणि बातमीत त्याचा ‘एकहाती विजय’ असा गौरव झाला. मुलाचं कौतुक व्हायलाच हवं, पोरगं जीव तोडून खेळलं. पण जिल्ह्यातल्या दोन सर्वोत्तम संघांनी अख्ख्या सामन्यात मिळून २० गुण करावेत, याची काळजी आपल्याला वाटायला हवी. मी तो सामना साइडलाइनला उभी राहून पाहिला आहे, म्हणून हे पत्र.

दोन्ही संघ पहिल्या मिनिटापासून झोन लावून बसले होते. म्हणजे पाचही मुलं आपल्या रिंगखालच्या पट्ट्यात हात वर करून उभी, पुढे दोन आणि मागे तीन. तेरा वर्षांच्या मुलाची ताकद लांबून १० फूट उंच रिंगपर्यंत चेंडू नेण्याइतकी नसते, हे दोन्ही बाजूंच्या प्रशिक्षकांना पक्कं ठाऊक. त्यामुळे समोरच्याने बाहेर कितीही वेळ चेंडू फिरवला तरी त्याच्या अंगावर जायची गरजच पडत नाही. शेवटी कुणीतरी वैतागून दोन्ही हातांनी छातीपासून चेंडू ढकलतो, तो बोर्डालाही लागत नाही, रिंगखालचा सर्वांत उंच मुलगा तो धरतो. पलीकडच्या बाजूला पुन्हा त्यालाच पास, आणि तो रिंगखाली उभा राहून टाकतो. उरलेले चौघे नुसते इकडून तिकडे पळतात. बेंचवरच्या सात जणांपैकी चौघांचे ट्रॅकसूट शेवटपर्यंत उतरले नाहीत.

बक्षीस वाटप झाल्यावर विजेत्या संघातला एक मुलगा गळ्यात पदक घालून माझ्याजवळ आला. मी म्हटलं, अभिनंदन रे बाळा. तो म्हणाला, “मॅडम, मले तर बॉलच नाही भेटला.” तो पूर्ण सामना मैदानावर होता.

यात मी प्रशिक्षकांना दोष देणार नाही. मी स्वतः शाळेत क्रीडाशिक्षिका होते. ट्रॉफी आणली तर मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात जागा मिळते आणि पुढच्या वर्षी चेंडूंची मागणी मंजूर होते. न आणली तर खेळाचा तास गणिताला जातो. अशा वेळी जिंकून देणारी सोपी वाट कोणीही धरील. म्हणूनच कुणाच्या चांगुलपणावर विसंबून न राहता स्पर्धेचे नियमच बदलायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

या झोनमुळे नुकसान कुणाचं होतं? आधी त्या उंच मुलाचंच. काही मुलं बाराव्या-तेराव्या वर्षी झपाट्याने उंच होतात, काही पंधराव्या-सोळाव्या वर्षी. लवकर वाढलेल्याला आपण रिंगखाली उभं करतो आणि ड्रिबल (चेंडू टप्पे देत पुढे नेणं), पास, बाहेरून शूट यातलं काहीच शिकवत नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. तीन वर्षांत बाकीचे त्याच्या खांद्याला खांदा लावतात. मग १७ वर्षांखालील गटात तो अचानक मध्यम उंचीचा ठरतो, हातात चेंडू खेळवायची कला नाही, आणि खेळ सुटतो. उशिरा वाढणारा मुलगा तर तोवर कधीच घरी गेलेला असतो, निवड चाचणीत उंची मोजूनच त्याला परत पाठवलेलं असतं. २०१५ साली सतनाम सिंग एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) निवडला गेला आणि सात फुटांहून उंच त्या पोराचे फोटो सगळीकडे झळकले, तेव्हापासून पालक पहिला प्रश्न उंचीचाच विचारतात. मी त्यांना मग्सी बोग्सबद्दल सांगते. पाच फूट तीन इंच उंचीचा हा खेळाडू एनबीएमध्ये १४ हंगाम खेळला, तो पायांच्या वेगावर आणि पास देण्याच्या जोरावर.

जगात इतरत्र लहान मुलांसाठी हा खेळ लहान केला जातो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटरवर असते आणि चेंडू ५ नंबरचा. अमेरिकेत एनबीए आणि तिथला राष्ट्रीय महासंघ यूएसए बास्केटबॉल यांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ७-८ वर्षांच्या मुलांना ८ फुटांची रिंग, ९ ते ११ वर्षांच्या मुलांना ९ फुटांची आणि बाराव्या वर्षापासून पुढे १० फुटांची सांगितली आहे. त्याच सूचनांत १४ वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नका असंही म्हटलं आहे. जर्मनीसह युरोपातल्या काही देशांत लहान वयोगटांत झोन लावायलाच बंदी आहे. प्रत्येकाने आपापल्या माणसाला धरूनच डिफेन्स करायचा. आपल्याकडे मात्र दहा वर्षांची पोरगी आणि महाविद्यालयाचा संघ एकाच रिंगवर आणि बहुतेक मैदानांवर एकाच ७ नंबरच्या चेंडूने खेळतात. हा चेंडू सुमारे ६०० ग्रॅमचा असतो, ५ नंबरचा ५०० ग्रॅमच्या आत. लहान मनगटाला हा फरक फार मोठा आहे.

आमच्या मैदानावर आम्ही काय केलं ते लिहिते, कारण ‘पैसे कुठून आणायचे’ हा प्रश्न लगेच येतो. नवा पोल आणला नाही. वेल्डरकडून क्लॅम्प करून घेतला आणि जुन्याच लोखंडी पोलच्या बाजूला साडेआठ फुटांवर दुसरी रिंग बसवली. खर्च पालकांच्या वर्गणीतून निघाला. पहिल्या पंधरवड्यातच मुलांचे हात बदलले. उंच रिंगवर जड चेंडू टाकताना मूल तो कमरेपासून उचलतं, कोपर बाहेर फेकतं, अंग पिळतं आणि जोर लावून ढकलतं. हीच सवय सोळाव्या वर्षी मोडायला गेलं की मुलगा रडकुंडीला येतो. खाली आणलेल्या रिंगवर तेच मूल एका हाताने, कोपर रिंगच्या दिशेने ठेवून, मनगट वाकवून चेंडू सोडतं. चेंडू कमानीत जातो. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर असतो आणि ५ नंबरचा चेंडू जेमतेम २२ सेंटिमीटरचा, म्हणजे वरून आला तर जागा भरपूर आहे, हे मी त्यांना रिंग खाली काढून, दोन चेंडू शेजारी शेजारी धरून दाखवलं होतं. तेव्हापासून ‘आर्क’ हा शब्द मला पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

आता फिटनेसबद्दल. आपल्याकडे फिटनेस म्हटलं की मैदानाला दहा चकरा. उशीर झाला, पाच चकरा. फ्री थ्रो चुकला, तीन चकरा. बास्केटबॉलमध्ये सलग एका वेगाने कुणी धावतच नाही. चार पावलं जोरात, थांबा, वळा, उडी, पुन्हा मागे. शरीराला याचीच तयारी हवी, आणि ती चेंडू हातात घेऊन होते. पळणं ही शिक्षा झाली की मूल पळण्यालाच वैतागतं, हे वेगळंच.

आणि उडी शिकवण्यापेक्षा उतरणं शिकवणं जास्त महत्त्वाचं आहे. मुलींच्या बाबतीत तर मी याला सगळ्यांत वरचं स्थान देते. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं, आणि पुष्कळदा ही दुखापत कुणाचा धक्का न लागता, नुसतं उतरताना किंवा वळताना होते. आमच्याकडे रोज वॉर्मअपमध्ये मुली एका पायरीवरून खाली उतरतात. मी पाठ करून उभी राहते. सिमेंटवर आवाज आला की ती पुन्हा वर जाते. मांजर भिंतीवरून उतरते तसं उतरायचं, पंजावर, गुडघे वाकलेले आणि एकमेकांकडे न झुकलेले. दोन गुडघ्यांमध्ये आपली मूठ मावली पाहिजे, ही आमची खूण. ज्या मुलींचे गुडघे आत येतात त्यांच्या मांड्या आणि कंबर कमकुवत असते, त्यांना वेगळे व्यायाम. याला ना जिम लागते ना पैसा. पावसाळ्यात, म्हणजे नेमकं शालेय स्पर्धांच्या दिवसांत, आपल्या उघड्या सिमेंटच्या कोर्टांवर शेवाळ धरतं आणि मुलं तशीच उतरवली जातात, त्याबद्दलही आयोजकांनी विचार करावा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकून घासलं तरी बऱ्याच घसरण्या टळतील.

संघभावनेवर भाषणं पुष्कळ होतात. ती मैदानावर नियमाने शिकवावी लागते. १८९१ साली जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळ मांडला तेव्हा चेंडू घेऊन पळायची परवानगीच नव्हती. जिथे धरला तिथूनच टाकायचा. आठवड्यातून एकदा आम्ही तसंच खेळतो, ड्रिबल बंद. सुरुवातीला मुलं चेंडू धरून नुसती उभी राहतात, कारण ज्याच्याकडे चेंडू नाही त्याने हलायचं असतं हेच कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. मग हळूहळू कट मारणं, म्हणजे चेंडूशिवाय मोकळ्या जागेत झटकन घुसणं येतं, हाक मारणं येतं. पाचही जणांचा हात लागल्याशिवाय शूट नाही, हा दुसरा नियम. त्यामुळे सगळ्यांत कच्च्या मुलाला पास कसा द्यायचा हे पक्क्या मुलाला शिकावं लागतं: जोरात छातीवर न फेकता टप्पा देऊन, त्याच्या सोयीच्या हाताला. एका मुलीने आपल्या डावखुऱ्या मैत्रिणीसाठी पास देण्याची बाजूच बदलली, कुणी न सांगता. ते पाहून मला जे समाधान मिळालं ते कुठल्याही पदकाने मिळालेलं नाही. आणि बास्केट झाली की करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. ही पद्धत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी रुजवली, आमच्याकडे आठ वर्षांची चिमुरडीही ती पाळते.

नववी संपता संपता मुली गळायला लागतात, हे दुःख प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक आहे. दहावीचं वर्ष, शिकवणी, ‘आता मोठी झाली’. काही पालक उलट दहावीतच पहिल्यांदा मैदानावर येतात, ग्रेस मार्कांसाठी प्रमाणपत्र कसं मिळेल हे विचारायला. त्यांना मी बसवून चहा देते आणि नाही म्हणते. ज्या पालकांनी मुलीला दहावीतही आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदानावर पाठवलं, त्यांचे मी जाहीर आभार मानते. पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, ती याच महाराष्ट्रातली. मुंबईत नागपाड्यासारख्या दाटीवाटीच्या वस्तीने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार विजेता दिला. आपल्याकडे मुलं आहेत आणि मैदानंही आहेत. पुरुष संघ ऑलिंपिकला एकदाच, १९८० साली मॉस्कोत खेळला. पुन्हा जायचं तर सुरुवात दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून करावी लागेल.

म्हणून जिल्हा क्रीडा कार्यालयाला आणि जिल्हा संघटनेला माझी विनंती आहे. येत्या हंगामापासून १४ वर्षांखालील गटात झोन बंद करा, आपापला माणूस धरून डिफेन्स सक्तीचा करा. सामन्याच्या चारपैकी पहिल्या तीन क्वार्टरमध्ये (पाव भागांत) मिळून संघातल्या बाराही मुलांना किमान एक क्वार्टर खेळवायलाच हवं, असा नियम करा. प्रवेशिकेत बारा नावं असतात, तर बारा जण खेळोत. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी खाली आणलेल्या रिंगवर, ५ नंबरच्या चेंडूने एक दिवसाचा मेळावा घ्या. पहिला-दुसरा क्रमांक काढू नका. पंचांना पहिल्या वर्षी त्रास होईल. झोन कुठला आणि मदतीला आलेला खेळाडू कुठला, यावरून वाद होतील, प्रशिक्षक ओरडतील. त्यासाठी हंगामाआधी पंच आणि क्रीडाशिक्षकांची एक सकाळ पुरे आहे. आमचं मैदान त्यासाठी मोकळं आहे, मी स्वतः उभी राहीन.

एक विनंती आपल्याकडेही. शालेय स्पर्धेच्या बातमीत आपण नेहमी सर्वाधिक गुण करणाऱ्याचं नाव छापता. त्याच्या शेजारी सर्वाधिक असिस्ट, म्हणजे बास्केटसाठी पास देणाऱ्याचं नाव छापाल का? मुलं पेपरचं ते कात्रण वर्षानुवर्षं वहीत जपतात, मी पाहिलं आहे. हल्ली स्कोअरशीटवर असिस्टची नोंद होत नाही, म्हणून वार्ताहराला ती मिळत नाही, हेही मला ठाऊक आहे. जिल्ह्यातल्या सामन्यांत ही नोंद करायला आमच्या मोठ्या मुली टेबलाशेजारी बसायला तयार आहेत. सामना संपल्यावर तासाभरात कागद आपल्या कार्यालयात पोचवण्याची जबाबदारी माझी.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, नागपूर