एकटीचं घर कसं चालतं: स्टुटगार्टहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

"एकटी कसं गं सगळं करतेस?" असं आई दर फोनला विचारते आणि "होतं गं" एवढ्यानं तिचं समाधान होत नाही. आता धाकट्याचंही इकडे यायचं ठरतंय. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. हे पत्र जपून ठेवा, त्याला उपयोगी पडेल.

इथे बिऱ्हाड मांडायला सामानाआधी कागद लागतात, आणि तेही क्रमानं. क्रम चुकला की पुढचं सगळं अडतं. पहिला कागद पत्त्याचा. नव्या घरात राहायला आल्यापासून २ आठवड्यांच्या आत महापालिकेच्या ब्युर्गरब्युरोत जाऊन नाव नोंदवायचं, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. सोबत पासपोर्ट आणि 'अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते' असा घरमालकाच्या सहीचा दाखला. नुसता भाडेकरार चालत नाही, म्हणून किल्ली हातात घेतानाच हा दाखला मागून घ्यायचा. ब्युर्गरब्युरोची वेळ लवकर मिळत नाही, ती घर ठरलं की लगेच घेऊन ठेवायची. "राहा, पण नोंदणी करू नका" असं म्हणणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी धाकट्यानं घ्यायची नाही.

नोंदणी झाली की कराचा क्रमांक टपालानं येतो. इथेच बरेच नवखे अडकतात. जर्मनीत पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचतो, आणि ते नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड तिसऱ्या. सगळं त्याच पेटीत. तेव्हा राहायला गेल्या दिवशीच पासपोर्टवर आहे तसं आडनाव पेटीवर आणि दारावरच्या बेलवर चिकटवायचं. कराचा क्रमांक नोकरीच्या ठिकाणी पोचायला फारच उशीर झाला तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड, कर कापतात. नंतर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, पण सुरुवातीच्या महिन्यांत हात आखडतो.

बाबा, तुमच्या डोक्यात डिपॉझिटचा विचार असणार. कायद्यानं ते जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या 'थंड भाड्या'इतकं असतं, म्हणजे हीटिंग-पाणी धरल्याशिवायचं भाडं. ते ३ समान हप्त्यांत देता येतं. घर न बघता, किल्लीआधी कुणी पैसे मागितले तर तो ठग समजायचा. घर सोडायचं तर ३ महिने आधी कागदावर सही करून नोटीस द्यावी लागते, ईमेल चालत नाही. आणि अनेक घरांत स्वयंपाकघराची खोली असते पण ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं. जाहिरात वाचताना हे आधी बघायचं.

आता हिवाळा. आई, तू सांगतेस "खिडक्या घट्ट लावून बस". इथे नेमकं त्यानंच घर खराब होतं. भात, कुकरची वाफ, आंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे, ह्या सगळ्याची ओल हवेत राहते आणि बाहेरच्या गार भिंतीवर जाऊन बसते. काही आठवड्यांत कपाटामागे काळी बुरशी धरते, आणि मालक ती भाडेकरूच्या माथी मारतो. उपाय सोपा आहे, पण तो रोज करावा लागतो. आधी रेडिएटरची चावी शून्यावर आणायची, नाहीतर गार हवा लागताच तो पूर्ण जोरानं तापायला लागतो. मग समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, थंडीत ५ मिनिटं पुरतात. बंद करून चावी पुन्हा ३ वर आणायची, म्हणजे खोलीत साधारण २० अंश राहतात. असं दिवसातून तीनदा, शिवाय स्वयंपाक आणि आंघोळ झाल्यावर लगेच. खिडकी वरून थोडी कलती करून तासन्‌तास ठेवणं सगळ्यात वाईट: हवा फारशी बदलत नाही, खिडकीभोवतीची भिंत मात्र गारठते आणि बुरशी तिथेच आधी येते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायचं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, त्यावर ४० ते ६० टक्के दिसले की झालं. म्हणून व्हिडिओ कॉलवर डिसेंबरात खिडकी उघडी दिसली तर घाबरू नका.

ह्या भागाची आणखी एक रीत म्हणजे केअरवोखे. जिन्याच्या सफाईची पाळी आली की दारावर पाटी येते. त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून ओल्या फडक्यानं पुसायचा. पाळी संपली की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. बाहेरच्या फुटपाथची पाळी वेगळी असते आणि बर्फ पडलं तर ते काढणंही बहुधा तिच्यात येतं. नव्या माणसाला शेजारी ह्यावरूनच ओळखतात. पाळी चोख केली की जिन्यात बोलणं सुरू होतं, पार्सल घेऊन ठेवलं जातं. परक्या गावात हा आधार फार मोठा आहे.

जेवणाचं थोडक्यात: ४०५ नंबरचं गव्हाचं पीठ मैद्यासारखं असतं, पोळ्यांना १०५० नंबरचं घेऊन त्यात सबंध गव्हाचं पीठ मिसळायचं. धाकट्याला ॲल्युमिनियमचा कुकर देऊ नका, इंडक्शनवर तो तापत नाही. सपाट बुडाचा स्टीलचा द्या. रविवारी दुकानं बंद असतात, भाजी शनिवारीच आणायची.

आजारपणाची काळजी सोडा. विम्याचा हप्ता पगारातून जातो आणि निम्मा कंपनी भरते. नोकरीचे पहिले ४ आठवडे झाले की आजारपणात ६ आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार चालू राहतो. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७ ला फोन करायचा, जिवावरचं असेल तर ११२ ला.

आता तुमच्याकडची कामं. बाबा, नोकरीसाठी परदेशी गेलं की भारतातलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. माझं झालंय, धाकट्याचं निघाल्यावर लगेच करायचं. त्यात तुमचं नाव जोडता येतं, पण 'पहिला किंवा हयात' ह्या पद्धतीनंच, म्हणजे पहिला खातेदार असेपर्यंत व्यवहार त्याचेच. ह्या खात्याच्या व्याजावर बँक ३० टक्के कर आणि वर उपकर कापते, म्हणून तिथे मोठी ठेव ठेवायची नाही. मी तुमच्या खात्यावर पाठवते त्या पैशावर तुम्हाला कर नाही, आईवडिलांना मुलांनी दिलेली रक्कम करमुक्त आहे. त्यामुळे ते वापरायला बिचकू नका, दाताचं काम पुढे ढकलू नका. भारतातलं सिम बंद पडलं तर बँकेचा ओटीपी येत नाही आणि इथून नवं सिम काढणं जवळपास अशक्य. म्हणून रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात, साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. तेव्हापासून तुमच्या रात्री साडेनऊला फोन करा, इथे पाच वाजलेले असतात.

आणि आई, दिवाळीच्या पार्सलात तूप, पेढे, बर्फी घालू नकोस, दुधाचे पदार्थ इथल्या कस्टममध्ये काढून टाकतात. ताजा कढीपत्ताही नको. थालिपीठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला पाठव. फॉर्मवर 'खाऊ' न लिहिता प्रत्येक जिन्नस, वजन आणि किंमत लिही, 'भेट' अशी खूण कर आणि एकूण किंमत ४५ युरोच्या आत ठेव, म्हणजे शुल्क लागत नाही. भाजणी दुहेरी पिशवीत बांध, गेल्या वेळेपेक्षा थोडी जास्त.

तुमची,
मनू