मॅडम, तुमचे आभार मानायचे राहून गेले

आदरणीय मॅडम,

ताणतणावावर तुम्ही आम्हाला दिलेलं ट्रेनिंग संपलं त्या दिवशी वॉर्डात नवीन अ‍ॅडमिशन आली आणि तुमच्याशी नीट दोन शब्दही बोलता आले नाहीत. म्हणून हे पत्र.

ताणतणावावर शिकवायला तुमच्या आधीही माणसं आली होती. नाइट करून घरी निघालेल्या सिस्टरना हॉलमध्ये बसवायचं, ‘सकारात्मक राहा, हसतमुख राहा’ असं ऐकवायचं, सह्या घ्यायच्या, फोटो काढायचे. आज किती पेशंटमागे किती सिस्टर आहेत, काही खाल्लंत का, हे एकानेही विचारलं नाही. ताण येतो म्हणजे आमचंच काहीतरी कमी पडतं, असा त्यांचा सूर. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र सुरुवातीलाच सांगितलंत, की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार थकून जाण्याची, नोंद कामाशी निगडित अवस्था म्हणून केली, आजार म्हणून नाही. माझ्या शेजारची सिस्टर तिथेच रडायला लागली.

मग १९२०च्या दशकातली डॉ. एडमंड जेकबसन यांची स्नायू सैल करण्याची पद्धत. मूठ आवळा, काही सेकंद धरा, सोडा. मग दंड, खांदे, जबडा, पोटऱ्या. माझे दात दिवसभर एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात, हे मला इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं!

पण डोळे काही मिटता येईनात. लांब कुठे मॉनिटर वाजला तरी मी अर्धी उठलेली. तुम्ही टोकलं नाहीत. गुपचूप बाहेर जाऊन इन्चार्ज सिस्टरना मॉनिटरपाशी बसवून आलात आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालात, “आता जो अलार्म वाजेल, तो तुमचा नाही.” मॅडम, नोकरीला लागल्यापासून हे मला कुणी म्हटलं नव्हतं. अलार्म वाजला, मी बसून राहिले, आणि खांदे आपोआप खाली आले.

समोरच्याच्या डोक्यावर काय ओझं आहे हे बघून, त्यातलं थोडं स्वतः उचलणारी माणसं अजून आहेत. त्यांना पदवी-हुद्दा विचारावासा वाटत नाही. स्नायू सैल करून सिस्टरच्या रिकाम्या जागा भरत नाहीत, हेही तुम्ही आमच्या वरिष्ठांना तोंडावर सांगितलंत. आमच्यासाठी एवढं कोण बोलतं?

आयसीयूतल्या सिस्टर तुमची चौकशी करत असतात. जमलं तर एकदा रात्रपाळीत या, त्यांना दिवसा सवड मिळत नाही.

तुमची,
वॉर्डातली एक सिस्टर